दुसऱ्या ओळीतली फुली

आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केले. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता चौथीचा गुणाकार कशाला, असा एकंदर सूर. आमचं म्हणणं असं की 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न माणसाला कॉलेजात गेल्यावर पडत नाही. तो प्राथमिक शाळेतच पडतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तिथेच मिटवला जातो. मिटवण्याची एक नेमकी जागा आहे. ती आज तुम्हाला फळ्यावर दाखवायची आहे.

४७ गुणिले ३६ घेऊ. वर ४७, खाली ३६, त्याखाली रेघ. आधी सहाने गुणायचं. सात सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार. चार सक चोवीस आणि हातचे चार, अठ्ठावीस. पहिली ओळ झाली २८२. आता तीनने गुणायचं. पण त्याआधी वर्गात एक आज्ञा होते, 'एककाखाली फुली मारा.' काही शाळांत फुलीऐवजी शून्य मांडतात. फुली मारून झाली की सात त्रिक एकवीस, एक लिहिला, हातचे दोन. चार त्रिक बारा आणि दोन, चौदा. फुलीच्या डावीकडे १४१ आले. मग बेरीज, उत्तर १६९२. आपण सगळे हे असंच शिकलो. इथं बसलेल्यांपैकी कुणी ती फुली कशाची असते हे सांगेल का? सांगू नका, मनाशीच ठेवा.

गेली काही वर्षं आम्ही दोन-तीन निवृत्त मंडळी नगर, पारनेर, पाथर्डी भागातल्या जिल्हा परिषद शाळांत जाऊन बसतो, अर्थात शिक्षकांनी बोलावलं तरच. मुलांना आम्ही हाच प्रश्न विचारतो. 'फुली मारायचीच असते.' 'नाहीतर गणित चुकतं.' 'बाईंनी सांगितलंय.' एका मुलीचं उत्तर फार छान होतं. ती म्हणाली, 'ती जागा धरून ठेवलेली असते, एस. टी.त रुमाल टाकतात तशी.' आम्ही विचारलं, 'कुणासाठी गं धरलीय?' तिला ते माहीत नव्हतं. पण पोरगी निम्म्या वाटेवर पोचली होती. उरलेली वाट तिला कुणी दाखवली नव्हती, एवढंच.

फुली विसरली तर काय होतं ते बघा. २८२ च्या खाली १४१ सरळ मांडले जातात आणि बेरीज येते ४२३. हे उत्तर आम्हाला वह्यांमध्ये वरचेवर दिसतं. यात पाढा चुकलेला नाही, हातचा चुकलेला नाही, बेरीजही बरोबर आहे. मुलाने सगळं नीट केलंय, फक्त एक खूण राहिली आणि उत्तर पावपटीच्या आसपास आलं. तरी त्याला ते खटकत नाही. ४० ला ३० ने गुणलं तरी १२०० होतात, मग ४७ गुणिले ३६ चे ४२३ कसे होतील, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर ४० आणि ३० कधी आलेलेच नाहीत. त्याला दिसले चार, सात, तीन आणि सहा. चार सुटे अंक.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं चार सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला 'शब्द' म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. हे साधन हलकं नाही बरं का. आपली जन्मतारीख आपल्याला आईवडिलांच्या शब्दावरूनच कळते, दुसरा मार्ग नसतो. पण गुणाकार हा जन्मतारखेसारखा विषय नाही. इथं नऊ वर्षांचं मूल स्वतः मोजून, तर्क करून खात्री करू शकतं, आणि जगात अशा गोष्टी फार थोड्या आहेत. पाऊस कसा पडतो, शिवाजी महाराज कधी जन्मले, पृथ्वी गोल कशावरून, हे सगळं त्या वयात दुसऱ्याच्या शब्दावरच घ्यावं लागतं. एकट्या गणितात त्याला गुरुजींच्या बरोबरीने उभं राहून 'हे असंच असणार' असं म्हणता येतं. आणि नेमकं तिथेच आपण त्याला सांगतो, फुली मार, विचारू नकोस.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. लिपिंग मा नावाच्या मूळच्या चिनी संशोधक बाईंचं १९९९ साली एक पुस्तक आलं. त्यांनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांपुढे हीच चूक ठेवली. त्यांचं उदाहरण १२३ गुणिले ६४५ असं होतं. मुलं ६१५, ४९२ आणि ७३८ या तिन्ही ओळी एकाखाली एक सरळ मांडतात आणि ७९,३३५ ऐवजी १८४५ उत्तर काढतात. तुम्ही काय कराल, असं शिक्षकांना विचारलं. अमेरिकेतल्या बहुसंख्य शिक्षकांनी ही मांडणीची चूक मानली. ओळी नीट सरकवायला शिकवू, असं ते म्हणाले. चीनमधले बहुतेक शिक्षक म्हणाले की ४९२ हे ४९२ नाहीतच, ते ४९२ दशक आहेत, मुलाला हे कळलेलं नाही. एकच चूक, पण एकाला ती हाताची वाटली आणि दुसऱ्याला समजुतीची.

आता आमची मुख्य सूचना सांगतो. ती इतकी लहान आहे की सांगायलाही संकोच वाटतो. ३६ मधल्या तीनला वर्गात तीन म्हणू नका. तीस म्हणा, किंवा तीन दशक म्हणा. '४७ ला तीनने गुणू' असं वाक्य फळ्यापाशी उच्चारूच नका. '४७ ला तीन दशकांनी गुणू' म्हणा. मग 'सात त्रिक एकवीस' म्हणताना ते एकवीस दशक आहेत हे मूल तोंडानेच म्हणेल. १४१ दशक झाले. सुटे किती? एकही नाही. मग एककाच्या घरात काय लिहायचं? शून्य. त्या मुलीचा रुमाल शून्यासाठी टाकलेला होता! म्हणून आम्ही फुलीच्या विरोधात आणि शून्याच्या बाजूने आहोत. फुली ही आज्ञा आहे. शून्य ही माहिती आहे, इथे सुटं काही नाही अशी. दोन्ही मारायला सारखाच वेळ लागतो.

यात मराठीची एक अडचण आहे, तीही बोलून टाकू. ४७ लिहिताना चार आधी येतो, पण आपण म्हणतो सत्तेचाळीस, म्हणजे सात आधी. लहान मुलं सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितात, त्यात त्यांचा दोष नाही, ती ऐकलेल्या क्रमानेच लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यानामं आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. विनोद झाले, विधिमंडळातही विषय गेला. आम्हाला ती टिंगल पटली नव्हती. बाजारात आणि घरात सत्तेचाळीसच राहणार, तो शब्द कुणी काढून घेत नव्हतं. पण गुणाकाराच्या तासाला 'चाळीस सात' असं म्हणून बघा. संख्या आपोआप दोन तुकड्यांत उघडते आणि मोठ्या गुणाकाराचं निम्मं काम तिथेच होतं.

बरं, तुकडे केले, पुढे काय? इथे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना पुस्तकापेक्षा चांगलं चित्र घरीच मिळतं. कांद्याचा वाफा. समजा वाफ्यात ३६ ओळी लावल्यात आणि प्रत्येक ओळीत ४७ रोपं आहेत. एकूण रोपं किती? एकेक मोजत बसलं तर दिवस जाईल. दोरी घ्या. प्रत्येक ओळीतल्या चाळिसाव्या रोपानंतर एक दोरी उभी ताणा आणि तिसाव्या ओळीनंतर एक आडवी. वाफ्याचे चार तुकडे झाले. मोठा तुकडा ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० रोपं. त्याच्या शेजारची पट्टी ७ गुणिले ३०, २१०. खालची पट्टी ४० गुणिले ६, २४०. आणि कोपऱ्यातला छोटा तुकडा ७ गुणिले ६, ४२. सगळे मिळून १६९२.

आता आडव्या दोरीच्या खालचे दोन तुकडे एकत्र करा. २४० आणि ४२, झाले २८२. ही आपली पहिली ओळ! वरचे दोन, १२०० आणि २१०, झाले १४१०. ही दुसरी ओळ, शून्यासकट. वहीत ज्याला आपण 'पहिली ओळ, दुसरी ओळ' म्हणतो ते म्हणजे वाफ्याचा दोरीखालचा भाग आणि दोरीवरचा भाग. हे ज्या मुलाला दिसलं त्याला फुलीची आठवण करून द्यावी लागत नाही. दुसरी एक चूक असते, ४० गुणिले ३० आणि ७ गुणिले ६ एवढंच करून १२४२ लिहायचे. तीही इथे डोळ्यांना दिसते. दोन पट्ट्या मोजायच्याच राहिल्या!

शिक्षक म्हणतील, रोज वाफ्यावर कसं न्यायचं? नको न्यायला. चौकटीची वही पुरते. फक्त सुरुवात ४७ गुणिले ३६ ने करू नका, १४ गुणिले १३ ने करा. १४ चौकटी आडव्या, १३ उभ्या. दहावर रेघ, दहावर रेघ. १००, ४०, ३०, १२, एकूण १८२, आणि शंका असली तर मूल सगळ्या चौकटी मोजूनही बघू शकतं. आठ-दहा गणितं अशी झाली की खरोखरच्या चौकटी सोडून नुसता चार खणांचा आराखडा काढायचा. मग तेच चार गुणाकार उभ्या मांडणीत एकाखाली एक चार ओळींत लिहायचे. आणि मूल कंटाळून 'एवढं कशाला लिहायचं?' म्हणेल तेव्हा त्याला दोन ओळींची युक्ती दाखवायची. ते विचारेपर्यंत थांबायचं! चार ओळींत गुणाकार करणारं मूल मागे पडलेलं नसतं. त्याला तिथे दोन महिने राहू द्या. हातच्याचा घोळही चार ओळींत जवळजवळ नाहीसा होतो. ४७ ला सहाने गुणताना हातचे चार आधी वरच्या चारमध्ये मिळवून आठ सक अठ्ठेचाळीस करणारी, म्हणजे २८२ ऐवजी ४८२ लिहिणारी मुलं आम्ही पुष्कळ पाहिली. ४२ आणि २४० वेगळे लिहिले की हातच्याला गुंतायला जागाच उरत नाही.

ही तुकड्यांची कल्पना परदेशातून आली असं कुणाला वाटत असेल तर भास्कराचार्यांकडे जाऊ. 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे ही आपल्या शेजारचीच गोष्ट. 'लीलावती'त गुणाकाराचं पहिलं उदाहरण १३५ गुणिले १२ असं आहे, आणि ते एका रीतीने करून आचार्य थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करा, १०८० आणि ५४०. किंवा बारा म्हणजे तीन चोक, तर आधी तीनने मग चारने गुणा. किंवा स्थानांप्रमाणे तोडा. किंवा बाराऐवजी दहाने गुणून दुप्पट मिळवा, नाहीतर वीसने गुणून आठपट वजा करा, २७०० मधून १०८० गेले. प्रत्येक वेळी १६२०. एकच उत्तर इतक्या वाटांनी येतं हे दाखवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. आमच्या चौथीच्या वर्गात मात्र वेगळ्या रीतीने केलेल्या बरोबर उत्तरावरही कधीकधी लाल रेघ बसते. याला काय म्हणावं!

पुढे सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर टीका लिहिली. तीत तिरप्या रेघांच्या चौकटीचा गुणाकार आहे. युरोपातही ती रीत चालत असे, इटलीत १४७८ साली छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकात ती आहे. चार खण काढायचे, प्रत्येकात तिरपी रेघ, वर दशक खाली एकक. १२, २१, २४, ४२ असे अंक भरायचे आणि तिरप्या पट्ट्यांची बेरीज करायची. २, मग ४ आणि ४ आणि १ म्हणजे ९, मग ६, मग १. आले १६९२. मुलांना ही रीत जादूसारखी आवडते. पण सावध राहा. तिरप्या पट्टीत एकाच स्थानाचे अंक का जमतात हे मुलाला विचारलं नाही, तर एका फुलीच्या जागी आपण चार तिरप्या फुल्या दिल्या असं होईल.

जुन्या गणिताला पाटीगणित म्हणत, पाटीवर धूळ पसरून करायचं म्हणून. मधले अंक पुसत जायचं, शेवटी उत्तर तेवढं उरायचं. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने भारतीय रीती शाई-कागदासाठी बदलून लिहिल्या. कागदाचा फायदा असा की वाट मागे उरते. म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे, मुलाला चूक खोडरबराने पुसायला लावू नका. ४२३ पुसलं की ते का आलं याचा पुरावाही पुसला जातो.

पाढ्यांचं काय, असं इथले ज्येष्ठ विचारतीलच. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणणारी पिढी आम्ही लहानपणी पाहिली. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण पाढे कुठेतरी संपतात, संख्या संपत नाहीत. लेखी गुणाकाराचं खरं आश्चर्य हेच आहे की नऊपर्यंतचे पाढे आणि स्थानाची समज एवढ्या शिदोरीवर कितीही मोठा गुणाकार करता येतो. उलट टोकाला कॉन्स्टन्स कामी या अमेरिकन बाई होत्या. त्या म्हणत, पहिल्या चार इयत्तांत ठरीव रीती शिकवूच नयेत, मुलांचा स्वतःचा विचार मरतो. निदान अर्धं त्यांचं खरं आहे. आमच्या मते रीत शिकवावी, पण मुलाने स्वतःच्या रीतीने तुकडे करून झाल्यावर, आधी नव्हे. विट्गेन्श्टाइन हा मोठा तत्त्वज्ञ १९२० ते १९२६ ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. पुढे त्याने नियम पाळणं म्हणजे काय यावर जे लिहिलं ते वाचताना आम्हाला नेहमी चौथीचा वर्ग आठवतो. नियम सांगून भागत नाही, 'असंच पुढे कर' याचा अर्थ मूल भलताच लावू शकतं आणि तरी त्याला वाटतं की आपण नियमानेच चाललोय. २०६ गुणिले ३४ करताना मधलं शून्य गाळून ८८४ आणणारं मूल असंच असतं. 'शून्याला किंमत नाही' हा कुणाचा तरी नियम ते इमानाने पाळतं! खरं उत्तर ७००४.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप त्याकडे येतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. पोरंही बरोबर जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळी पोरं तिथे राहत नाहीत. पुष्कळदा नेमका मोठा गुणाकार चालू असतानाच पोर फडावर जातं, आणि परत येतं तेव्हा वर्ग भागाकारावर गेलेला असतो. नुसती कृती शिकलेल्या मुलाची कृती चार महिन्यांत विसरली जाते. फुली कुठे मारायची, आधी की नंतर, काही आठवत नाही. वाफ्याचे चार तुकडे मात्र विसरत नाहीत, ते पुन्हा काढता येतात.

आणि तिकडे फडावर हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. समजा नवरा-बायकोच्या एका कोयत्याने ४७ टन ऊस तोडला. दर हिशोबाच्या सोयीसाठी ३६० रुपये धरू. झाले १६,९२०. यातून उचल वळती होणार. त्या घरात लिहिता-वाचता येणारं एकटं चौथीतलं पोर असेल, तर त्याला ४० टनांचे ३०० च्या भावाने १२,००० होतात, म्हणजे रक्कम त्याच्या खाली येऊच शकत नाही, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे आम्हाला माहीत आहे. पण एखादा अंक दाबायचा राहिला तर कॅल्क्युलेटर तक्रार करत नाही. ४२३० दिसल्यावर 'हे कसं होईल?' असं माणसालाच वाटावं लागतं.

व्याख्यानाआधी एका शिक्षिकाबाईंनी चिठ्ठी पाठवली होती, तिचं उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात, ज्या मुलाचे पाढेच पाठ नाहीत त्याला हे सगळं कसं शिकवायचं? बाई, त्याच्या हातात नऊपर्यंतच्या पाढ्यांचा तक्ता द्या आणि बघून करू द्या. पाढे पाठ होईपर्यंत त्याला वाफ्याबाहेर उभं करू नका. बघून बघून पाढे पाठ होतात. आणि तक्ता कधी काढून घ्यायचा हे ठरवावं लागत नाही, पोर एक दिवस आपण होऊन तो दप्तरात ठेवून देतं.